मागची दाढ

नऊ पाकिटं होती. जानीफुईने ती एकेक करून पत्र्याच्या पेटीतून काढली आणि पडवीत ओळीने मांडली, बाजारात काकड्या मांडाव्यात तशी. एकाचंही तोंड फोडलेलं नव्हतं.

चुलीजवळ काकडी किसत बसलेल्या रूपीला दारातून फुईची पाठ तेवढी दिसत होती. आधी ती पाठ वाकलेली होती. मग ताठ झाली. मग इतका वेळ हललीच नाही, की रूपीच्या हातातली काकडी किसणीवर थांबली.

"संगिता," फुईने रूपीच्या आईला हाक मारली. "इकडं ये जरा."

हे सगळं दक्षामुळे झालं, आणि दक्षाचा त्यात काडीचा दोष नव्हता.

काकड्याआजाच्या घरी आज नवं होतं. भात झोडून झालं होतं, आणि त्या भाताचा पहिला घास देवाला व मेलेल्या माणसांना दाखवल्याशिवाय घरात कोणी तोंडात घालणार नव्हतं. जानीफुई ही आजाची थोरली मुलगी, रूपीच्या बाबाची बहीण. लग्न होऊन ती वाणगावला गेली होती, पण नव्याच्या दिवशी गंजाडला माहेरी यायची आणि आल्या आल्या चुलीचा ताबा घ्यायची. नव्या तांदळाच्या पिठाला कोणी हात लावायचा, कोणी नाही, हे तीच ठरवत असे. सकाळी तिने एकेकीला विचारून घेतलं. आईला विचारलं, शितलकाकीला विचारलं, मग रूपीकडे वळून म्हणाली, "तुझी कधी झाली गो?"

"मागच्या आठवड्यात," रूपी म्हणाली. जानेवारीपासून सांगून सांगून हे उत्तर इतकं गुळगुळीत झालं होतं की जिभेला कुठे अडत नव्हतं.

तासाभराने दक्षाची पाळी आली. दक्षा फुईची मुलगी. रूपीच्याच आश्रमशाळेत, तिच्याच वर्गात, नववीत. तिने पिठातून हात काढले, धुतले आणि मुकाट्याने जाऊन ओट्याच्या टोकाला बसली. तिच्याकडचं पॅडचं पाकीट संपलं होतं. "रूपीच्या पेटीत असेल बघ," ती आईला म्हणाली. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहाला रंग लागणार होता, म्हणून सगळ्या मुलींच्या पेट्या घरी आल्या होत्या. रूपी "मी देते, मी देते" म्हणेपर्यंत फुईने कडी काढलीसुद्धा.

"ही काय दुकान घालणार हाय?" फुई आता आईला विचारत होती. आवाज मात्र खाली होता, कारण बाहेर खळ्यावर आजा आणि बाबा पेंढा रचत होते.

आईने एक पाकीट उचलून उलटंसुलटं केलं. आईला वाचता येत नव्हतं. पण हे समजायला वाचता यायची गरज नव्हती.

"रूपी," आई म्हणाली. "एकदापण नाय?"

रूपीने नाही म्हणून मान हलवली.

"मग घेतलीस कशाला?"

"नाव घेऊन वाटतात, आई. सही करावी लागते. नाही घेतलं तर मॅडम सगळ्यांपुढे विचारतात." तिने हातातली काकडी खाली ठेवली. "जानेवारीत वर्गात मी एकटीच राहिले होते."

शितलकाकी पातेलं खाली ठेवून आली. मनिषकाकाची ही बायको डहाणूला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करी. तिने पाकिटांकडे बघितलं, रूपीकडे बघितलं आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. ते तिने लगेच पुसलं.

"पंधरावं लागलंय पोरीला," फुई म्हणाली. "दक्षाला होऊन दोन वर्षं झाली. दोघी एकाच दिवशी शाळेत घातल्या, आणि ही बघा. पुढून काठी, मागून काठी."

"ताई, तिच्यासमोर नको ना."

"तिच्याच अंगाचं बोलते मी. तिच्यासमोर नको तर काय कोंबड्यांसमोर बोलू?"

"पंधरा पूर्ण होईपर्यंत डॉक्टरसुद्धा थांबा म्हणतात. कोणाला नवव्या वर्षी येते, कोणाला पंधराव्या. आणि शंका असेलच तर मी तिला डहाणूला नेते, तपासून घेते."

"रक्त काढणार?"

"काढावं लागलं तर काढणार."

"आधीच अंगात नाय, त्यातलं आणि काढणार." फुईने पाकिटं गोळा करायला सुरुवात केली. "सोमवारी हिनं शाळेत जायचं नाय. डोंगरापलीकडं भगत हाय, तो पाला देतो. महिनाभर घरी ठेवायची, मासळी बंद, तेल बंद. अमावस्या झाली की तो परत बघेल."

"महिनाभर? नववीचं वर्ष आहे तिचं!"

"दहावी झालेल्या बाईला नवरा टाकत नाय, असं तुझ्या मशीनमध्ये लिहून येतं का गो?"

काकी उत्तर देणार होती, पण फुईच्या आवाजातली धार एकदम गेली. ती पेटीच्या काठावर बसली.

"माझी नणंद, लाडकी," ती म्हणाली. "तिचं असंच होतं. सगळे बोलायचे, होईल, होईल. लगीन झालं तरी नाय झालं. दोन वर्षांनी नवऱ्यानं वाणगाव स्टेशनवर आणून सोडली, गाठोड्यासकट. सतरा वर्षं झाली. रोज पहाटे उठून भाजीच्या जुड्या बांधते, कोणाशी बोलत नाय. तुम्ही तिला वर्षातून एकदा बघता. मी रोज बघते."

 चुलीवर करांद्यांचे कंद उकळत होते, झाकण खडखडत होतं.

"लहान हाय अजून ती," आई हळूच म्हणाली.

"हे तू दर वर्षी बोलतेस."

"मला वाटतं तसं."

"तुला वाटून काय? शाळेच्या दाखल्यावर लिवलंय ना."

दाखल्याचं नाव निघालं की आई गप्प व्हायची. आताही झाली. फुईने कडी लावली आणि उठताना म्हणाली, "दुपार कलली की आपल्या बाला विचारते. तो बोलेल तसं."

रूपीने मधल्या मधे एक पाकीट उचललं होतं. ते घेऊन ती ओट्यावर गेली.

दक्षाने सगळं ऐकलं होतं. कुडाची भिंत सारवलेली असली तरी आवाज काही अडत नाही.

"खोटारडी," ती म्हणाली आणि पाकीट हिसकावून घेतलं. ती पडवीमागच्या न्हाणीत जाऊन आली, परत त्याच जागी बसली आणि राहिलेलं बोलली. "पोट दुखतंय म्हणून जुलैत दोन दिवस तुझ्या वाटचं पाणी मी भरलं! दोन दिवस! वरच्या मजल्यावर!"

"मला वाटलं, खरं सांगितलं तर तू हसशील."

"हसलेच असते."

रूपीला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे नाकातून विचित्र आवाज निघाला. दक्षा मग खरंच हसली. दोघींच्या मधे हातभर अंतर होतं. रूपीला पिठाकडे परत जायचं होतं, म्हणून ते सोडावं लागत होतं.

"तुला हवंय का हे?" दक्षाने पोटावर हात दाबून विचारलं. "घे. सगळं घेऊन जा. गेल्या दिवाळीला मी उंबरावर चढले होते, आठवतं? आता चढले तर खालून पोरं बघत उभी राहतात. माझा बाबा आधी खांद्यावर हात टाकून बाजारात न्यायचा. आता चार पावलं पुढं चालतो. मी काय केलंय त्याचं? आणि सगळ्यात वाईट म्हणजे इथं बसून सावेल्यांचा वास घ्यायचा."

आतून वास येतच होता. किसलेल्या काकडीत नव्या तांदळाचं पीठ आणि गूळ कालवून पानांत उकडायला ठेवलं की सगळ्या पाड्याला कळतं.

"पण तुझं सगळं बरोबर आहे," रूपी म्हणाली. "माझ्यातच काही नसलं तर? लाडकीमावशीसारखं?"

दक्षाने चेष्टा केली नाही. वाणगावच्या घरात ती लाडकीच्याच खोलीत झोपायची.

वसतिगृहात दिवे गेले की रूपी विज्ञानाच्या पुस्तकातला तो एक परिच्छेद मनात परत वाचायची. त्यात मुलींच्या वयाचे दोन आकडे दिलेले होते, आणि आकड्यांच्या आधी 'साधारणपणे' असा शब्द होता. आकडे संपत आले होते. रूपीने त्या एका शब्दावर वर्ष काढलं होतं. आंघोळीच्या वेळी ती भिंतीकडे तोंड करून कपडे बदलायची, कारण लपवायला काही नाही हेच लपवायचं होतं. आणि एक गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. ती रोज सकाळी उठल्या उठल्या चादर बघायची, परीक्षेचा निकाल बघावा तशी.

"आजा काय बोलेल?" तिने विचारलं.

"आजाला बैलातलं कळतं," दक्षा म्हणाली. "पोरींतलं काय कळणार."

काकड्याआजाला बैलातलं कळायचं हे खरं होतं. तलासरीच्या बाजाराला जोडी घ्यायला निघालेला माणूस अजूनही त्याला सोबत न्यायचा. आजा मालकाशी एक शब्द बोलायचा नाही. बैलाचा ओठ वर करायचा, दात बघायचा आणि घेणाऱ्याकडे बघून मान हलवायचा. बस.

ऊन कललं तेव्हा तो खळ्याच्या कडेला लाकडावर बसून पाणी पीत होता. बाबा पेंढ्याची शेवटची गंजी बांधत होता. बाबाचं नाव सुदाम. सरावलीच्या चिकूवाडीत तो रोजावर जायचा, आणि आज खाडा करून घरी राहिला होता. फुई पुढे, तिच्यामागे आई आणि काकी, आणि त्यांच्यामागे रूपी. दक्षा ओट्याच्या टोकाला होती, पण मान लांब करून.

"बा, बोलायचं होतं," फुई म्हणाली. "बाईमाणसांचं हाय, पण तू मोठा."

"बोल."

"रूपीचं पोरपण सरत नाय."

आजाने तांब्या खाली ठेवला. त्याला समजलं. बाबालाही समजलं, कारण तो एकाएकी गंजीच्या पलीकडल्या बाजूचा बंद घट्ट करायला गेला.

"महिनाभर घरी ठेवून भगताचं औषध करू बोलते मी. शितल बोलते डॉक्टर. आता तू सांग."

"वय काय तिचं?"

"पंधरावं लागलं."

"कोण बोलतं?"

"कोण म्हणजे? दाखला बोलतो. एक जूनला चौदा पुरी झाली, दक्षा आणि ही, दोघीपण."

"दोघी एकाच दिवशी जन्मल्या?"

"शाळेत सगळ्यांचा एक जूनच लिवतात, बा."

आजाने रूपीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग बोटाने बोलावलं.

"रूपे, इकडं ये. उजेडाकडं तोंड कर."

रूपी गेली.

"आता उघड."

"काय?"

"तोंड."

"बा!" फुई म्हणाली. "ती काय खोंड हाय?"

"तू मला वय सांगितलंस. मी कोणी सांगितलेलं वय आजपर्यंत घेतलेलं नाय." आजाने रूपीची हनुवटी दोन बोटांत धरली. बोटांना पेंढ्याचा वास होता. "आणखी. मोठं. डावीकडं वळ."

रूपीने डोळे मिटून घेतले. लाजेने कान तापले होते. गंजीपलीकडून बाबाचा काहीच आवाज येत नव्हता. आजाचं बोट मागच्या हिरडीवर टेकलं आणि तिला चुरचुरलं.

"दुखतं?"

"आँ."

"कधीपासनं?"

"गणपतीपासून," रूपी तोंड मिटून म्हणाली. "मॅडम बोलल्या, दाढ किडली असेल."

"किडली नाय, येतेय." आजाने बोट धोतराला पुसलं. "दक्षे, तू पण उघड. तिथूनच. शिवायला नको मला, दिसतं अजून."

दक्षाने ओट्यावरून असा जबडा वासला की काकी खुदकन हसली. आजा लाकडावरून उठला, चार पावलं ओट्याकडे गेला आणि वाकून बघितलं.

"बैलाचं पुढं बघायचं, माणसाचं मागं," तो परत येत म्हणाला. "माझी सहा पोरं झाली. सहाही जणांच्या दाढा मी बघितल्या, सवय म्हणून. ही मागची दाढ बाराव्या-तेराव्या पावसाळ्याला येते. कोणाची आधी, कोणाची जरा मागनं. पण दोन-दोन वर्षांचा फरक नाय पडत. दक्षाची वर येऊन, खाऊन घासली पण हाय. हिची आत्ता हिरडी फोडते. दोन टोकं दिसतात, बाकी सगळी आत." तो लाकडावर बसला. "ही पोरगी पंधराव्यात नाय."

 काकी पुढे आली. "रूपी, मला बघू दे." तिने मोबाईलचा दिवा लावून आत बघितलं, उजवीकडे, डावीकडे, वर, खाली. मग दिवा बंद केला. "आजा बरोबर बोलतात. दुसरी मोठी दाढ. बारा वर्षांची दाढच म्हणतात तिला. नुसत्या दाढेवरून नक्की वय काढता येत नाही, पण…"

"पण चौदा नाय," आजा म्हणाला. आणि मग, आवाज जराही न चढवता, "सुदाम."

बाबा गंजीमागून बाहेर आला. हातात बंदाचं टोक तसंच होतं.

"हिला शाळेत किती वर्षांची म्हणून उभी केलीस?"

रूपीने बाबाला कधी असं बघितलं नव्हतं. तो चोरी सापडलेल्या पोरासारखा पायाच्या अंगठ्याने खळं उकरत होता.

"रूपीची आजी गेली त्या सालची गोष्ट," बाबा शेवटी म्हणाला. "घरात बघायला कोणी नव्हतं. दिवाळी झाली की आम्ही दोघं वीटभट्टीवर जाणार. आदल्या वर्षी भट्टीवर शेजारच्या खोपटातल्या पोराचा पाय राखेत गेला होता, गुडघ्यापर्यंत. मी उचलून पळालो होतो त्याला घेऊन. हिला परत तिथं न्यायला मन होईना. जानीबाय दक्षाला आश्रमशाळेत घालत होती. मी बोललो, हिला पण घालतो. दोन टायमाचं जेवण तरी मिळेल, आणि सोबत दक्षा हाय."

"मग?"

"गुरुजी बोलले, सहा पुरी पाहिजेत. कागद नव्हता. मग ते कानाचं करायला लावलं."

"कसलं कानाचं?" काकीने विचारलं.

बाबाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडून दाखवला. "हात पोचला तर सहा वर्षं झाली. लहान पोराचा पोचत नाय."

"हिचा पोचला?"

"ही लांब हाताची. पण तरी बोटभर कमी पडत होता." बाबा आता कोणाकडेच बघत नव्हता. "मग वाटेनं येताना मी शिकवलं तिला. हात नेला की मान जरा त्या बाजूला पाड. चार किलोमीटर शिकवत आणलं. दर झाडाखाली एकदा."

आणि ते रूपीला आठवलं. पूर्ण नाही, नुसती एक तिरपी झालेली वाट, तिरपे झालेले बाबाचे पाय, आणि "अश्शी माझी वाघीण" असा आवाज. ती वाट तिरपी का होती हे तिला आजवर कळलं नव्हतं. तिला वाटायचं, ते स्वप्न असेल.

"आणि मला नाय सांगितलंस?" हे आई बोलली. फुईसुद्धा दचकली. "आठ वर्षं, रूपीचे बाबा?"

"तुला ठाऊक होतं ना, दक्षाहून ही लहान हाय ते."

"लहान हाय ते ठाऊक होतं. पण किती ते कसं ठाऊक असणार? भट्टीवरची वर्षं सगळी सारखी. मी बोलायचे, लहान हाय माझी. सगळे बोलायचे, दाखल्यावर लिवलंय. मग मला वाटलं, दाखला माझ्यापेक्षा बरोबर असेल." आई थांबली नाही. "मी जन्म दिला ना तिला? तरी मला वाटलं, मीच चुकले."

बाबाने बंदाचं टोक खाली टाकलं. "कागद खोटा निघाला तर शाळेतून काढतील, म्हणून नाय बोललो," तो पुटपुटला. "मग बोलायचं राहूनच गेलं. खरं सांगतो, मग मलापण तेच वय वाटायला लागलं."

"वहिनी," काकीने आईचा हात धरला. "रूपी जन्मली ते काही तरी आठवत असेल ना? दुसरं काही झालं त्या वर्षी?"

"माघात झाली. थंडी होती. बायजी सुईण होती, ती आता नाय." आई आठवत राहिली. "हां. मनिषभाऊ आले होते बघायला, ही महिन्याची असेल. पेपर देऊन सरळ भट्टीवर आले. मांडीवर घेतली आणि हिनं तिथंच शू केली. त्यांच्या हातात प्रश्नांचा कागद होता, तो भिजला. मग चुलीवर धरून वाळवला, घरी जाऊन उत्तरं ताडून बघायची होती म्हणून. तो पिवळा झाला."

"दहावीचा पेपर?"

"दहावीचाच. एकदाच बसले ते."

काकी हसायला लागली. "मार्कशीटवर मार्च दोन हजार तेरा आहे. त्यांच्या नोकरीसाठी मीच लॅमिनेट करून आणली." तिने बोटांवर हिशोब केला. "म्हणजे हिचा जन्म फेब्रुवारीतला. रूपी, तू बारा वर्षं आणि आठ महिन्यांची आहेस."

बारा. रूपीने तो आकडा मनातल्या मनात उच्चारला. पुस्तकातल्या दोन आकड्यांच्या अगदी मधे कुठे तरी तो बसत होता. छातीवर इतके दिवस कोणी तरी बसलं होतं आणि ते उठून गेलं, असं तिला वाटलं.

"आणि उंची?" काकीने विचारलं. "जूनमध्ये गणवेश कुठपर्यंत होता?"

"गुडघ्याखाली."

"आणि आता गुडघ्याच्या वर आहे. आधी उंची वाढते, बाकीचं तिच्यामागून येतं. तुझं सगळं क्रमाने चाललंय, बाई. वर्षभरात येईल, नाही तर दोन वर्षांत. आली की कुरकुर करशील. पण अंगात रक्त किती आहे, ते मी दोघींचं तपासणार. भरपूर पाणी भरता ना वरच्या मजल्यावर."

दक्षा ओट्यावरून ओरडली, "बघा, ही चोर! दोन वर्षांनी लहान आणि गणितात माझ्या पुढं!"

 फुईने पदराने तोंड पुसलं. रूपीला वाटलं, ती चिडली असेल. पण फुई तिच्याजवळ आली, तिची हनुवटी आजाने धरली होती तशीच धरली आणि जरा वेळ नुसती बघत राहिली.

"सोमवारी जा शाळेत," ती म्हणाली. मग बाबाकडे वळली. "आणि तू रे! कानाचं शिकवतोस! माझी पोरगी पण तिथंच उभी होती, मला नाय सांगितलंस! इतकी वर्षं मी हिला काठी, काठी बोलते, ही खाते तरी अंगी लागत नाय बोलते. कोंबडा देते म्हणून दुपारीच भगताला निरोप धाडला मी!"

"कोंबडा नवसाचा नाय ना?" आजाने विचारलं.

"नाय. फक्त बोलणं झालं."

"मग इथंच कापू."

बाबाला एवढ्यानंच हायसं वाटलेलं दिसलं. दाखला बदलायचा की तसाच ठेवायचा, यावर काकीने अर्ज, गुरुजी, दहावीचा फॉर्म असं बरंच सांगितलं. दहावीच्या आधी केलं तर जमेल म्हणाली. बाबा मान हलवत होता, पण मधेच आईकडे बघत होता. आई त्याच्याकडे बघत नव्हती. ते भांडण आज मिटणार नव्हतं. ते घरी, दोघांतच, केव्हा तरी व्हायचं होतं.

उजेड असतानाच आजाने भाताचा पहिला घास देवापुढे ठेवला, दुसरा वाडवडिलांच्या नावाने वळचणीला. मग खळ्यावर पानं मांडली गेली. पहिली पंगत पोरांची असते. पाड्यातली सहा-सात चिल्लीपिल्ली कधीची येऊन बसली होती, एकमेकांना ढकलत.

"बस मग पोरांत," फुई रूपीला म्हणाली. "बारा वर्षांची ना तू? आता माझ्यासोबत मागनं जेवायचं नाय."

रूपी बसली. गेल्या वर्षी ती बायकांत बसली होती, पाठ ताठ करून. आता तिच्या एका बाजूला नाक वाहणारा बारक्या होता आणि दुसऱ्या बाजूला कोणाची तरी ढोपरं. पानावर वाफाळता भात पडला, चवळी पडली, सावेलीचा तुकडा पडला. तिने हात पुढे केला आणि थांबली. ओट्याच्या टोकाला दक्षा गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. तिचं पान सगळ्यांच्या नंतर, सगळ्यांची जेवणं झाल्यावर.

रूपीने आपलं पान दोन्ही हातांनी उचललं आणि ओट्याकडे निघाली.

"अगो, कुठं?" फुईचा हात भांड्यातच राहिला. "तिला शिवशील!"

"लहान पोरांना कुठे विटाळ असतो, फुई? आत्ता तूच मला लहानांत बसवलंस."

फुईने तोंड उघडलं. मग आजाकडे बघितलं. आजा बैलाला पेंढा टाकत होता आणि त्याला अचानक काहीच ऐकू येत नव्हतं.

आईने फुईच्या हातातलं भाताचं भांडं घेतलं. ती ओट्यापाशी गेली, दक्षासमोर एक पान ठेवलं आणि त्यावर भात वाढला. रूपीच्या पानावर होता त्याहून जास्तच.

"संगिता, भांडं तिथं टेकवू नको हां," फुई म्हणाली. तेवढंच म्हणाली.

"नाय टेकवत, ताई."

रूपी दक्षाला खेटून बसली. हातभर अंतर राहिलं नव्हतं. दक्षाने भातात बोट घातलं आणि झटकन काढलं.

"गरम आहे," ती म्हणाली.

मग दोघी आपापल्या पानांवर वाकून फुंकर मारत बसल्या.